आय-थ्रीवर दोन मॉनिटर लावताय? आधी लाईट जाण्याची सोय बघा

लिनक्स आहे, त्यावर आय-थ्री (प्रोसेसर नव्हे, कीबोर्डवरून विंडो मांडणारा विंडो मॅनेजर) चालू आहे, मॉडला, म्हणजे शॉर्टकटच्या मुख्य कीला, विंडोज की धरलीय आणि माउसला हात लावायचा कंटाळा येतो, एवढं धरून चालतो. वायर जोडा.

टर्मिनलात एक्सरँडर, म्हणजे स्क्रीन मांडायची कमांड, मारा, स्क्रीनची नावं येतील. लॅपटॉप बहुतेक ई-डीपी-१ आणि बाहेरचा एचडीएमआय-१, पण तुमच्याकडं जे दिसतंय तेच लिहा, कुणाचं तरी कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, उचलून चिकटवू नका, ड्रायव्हर वेगळा असला की मधला डॅशसुद्धा गायब असतो आणि मग बसा डोकं खाजवत.

मांडणी माझी अशी: मोठा मॉनिटर डावीकडं, लॅपटॉप उजवीकडं. मोठा १९२० बाय १०८०, लॅपटॉप जुना, १३६६ बाय ७६८. पोझिशन दिली नाही तर दोन्ही एकावर एक बसतात आणि आय-थ्री दोन्हींना एकच स्क्रीन समजतं, म्हणून मोठ्याला शून्य-शून्य आणि लॅपटॉपला आडवं १९२०, उभं ३१२ द्या. ३१२ कुठून आलं? १०८० मधून ७६८ वजा, खालच्या कडा एका रेषेत येतात. एक्सरँडरची हीच ओळ आधी एक्झेक (आय-थ्री सुरू होताना चालव) लावून कॉन्फिगमध्ये टाका.

आता वर्कस्पेस, म्हणजे विंडो ठेवायचे नंबरवाले कप्पे. आय-थ्रीमध्ये प्रत्येक वर्कस्पेस कुठल्या तरी एकाच स्क्रीनवर राहतो, त्याचा नंबर दाबला की फोकस तिकडं जातो. म्हणून १ ते ५ मोठ्यावर आणि ६ ते १० लॅपटॉपवर बांधून टाका, प्रत्येकाची एक ओळ: वर्कस्पेस, नंबर, आउटपुट, स्क्रीनचं नाव. १ ते ५ डाव्या हाताखाली येतात आणि मोठा स्क्रीनही डावीकडंच, दोन दिवसात बोटांना कळतंय कुठं जायचं. लोक सांगतात बाणांनी इकडून तिकडं फिरा, ते सोडा, चार विंडो ओलांडत जाण्यात काय मजा आहे? अख्खा वर्कस्पेस दुसऱ्या स्क्रीनवर ढकलायला तेवढी एक की ठेवा, 'मूव्ह वर्कस्पेस टू आउटपुट', झालं.

इथपर्यंत कुणीही सांगेल. खरी गंमत लाईट गेल्यावर.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरून काम करतो, उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीचं बिलिंग बघतो. एका दुपारी लाईट गेली, मॉनिटर काळा, लॅपटॉप बॅटरीवर चालू, समोर टर्मिनल दिसतंय म्हणून मी सुडोचा (अ‍ॅडमिन कमांडचा) पासवर्ड बिनधास्त टाइप करून एंटर मारला. टर्मिनलात काही उमटलं नाही, पण पासवर्ड टाइप करताना बहुतेक ठिकाणी तसंही काही उमटत नसतंय. फोकस होता काळ्या स्क्रीनवरच्या चॅटमध्ये. पासवर्ड गेला थेट क्लायंटच्या ग्रुपवर, आणि खाली त्यांच्या अकाउंटंटचा प्रश्न, "हा कुठला बिल नंबर सर?"

का झालं असं? मॉनिटरची वीज गेली तरी वायर खोचलेलीच असते, बऱ्याच मॉनिटरना कॉम्प्युटर मग जोडलेलेच धरतो. आणि एक्स-इलेव्हनवर, म्हणजे आय-थ्री ज्या डिस्प्ले सिस्टिमवर चालतं तिच्यावर, तर वायर उपटली तरी तो आउटपुट आपोआप बंद होत नाही, कुणीतरी एक्सरँडरला सांगावं लागतं. तोवर त्या भुताच्या स्क्रीनवर तुमच्या विंडो सुखात असतात, फक्त तुम्हाला दिसत नाहीत.

म्हणून दोन की बांधा, आजच. पहिली, 'लाईट गेली': एकाच ओळीत आधी लॅपटॉपचा आउटपुट ऑटो, मग बाहेरचा ऑफ. नावं दोनदा तपासा, उलटी पडली तर चालू असलेला स्क्रीनही घालवून बसाल, मी बसलोय. बाहेरचा ऑफ झाला की आय-थ्री त्याच्यावरचे सगळे वर्कस्पेस लॅपटॉपवर आणून ठेवतं. दुसरी, 'लाईट आली': वरचीच पोझिशनवाली पूर्ण ओळ. तुम्ही १ ते ५ बांधलेले असतील तर ते आपणहून मोठ्यावर परत जातात, बांधले नसतील तर एकेक हाताने ढकला, मग कळेल ती ओळ का लिहायला लावली.

ऑटोरँडर वापर म्हणून सल्ला देणारे भेटतात. चांगली गोष्ट आहे, ऑफिसचा मॉनिटर वेगळा आणि घरचा वेगळा असेल तर जरूर घ्या, मॉनिटर ओळखून मांडणी बदलतं. पण वायर जागेवर आणि वीज गायब, इथं त्याला बिचाऱ्याला पत्ताच नसतो. आणि इन्व्हर्टर घे म्हणणाऱ्यांनो, आहे घरात, त्याच्यावर पंखा आणि दोन ट्यूब चालतात, आमच्या आईसमोर मॉनिटरचं नाव काढून दाखवा.

अजून एक सवय लावून घ्या. खालच्या पट्टीत ज्या वर्कस्पेसचा चौकोन निळा, तिथं फोकस, आणि दुसऱ्या स्क्रीनवर जो नुसता उघडा आहे तो करडा. रंग तुम्ही बदलले नसतील तर असंच दिसतं. लाईट गेल्यावर लॅपटॉपच्या पट्टीत निळं काही नसेल तर कीबोर्डवरून हात उचला, आधी पहिली की, मग टायपिंग.

स्वे हा आय-थ्रीसारखाच दुसरा विंडो मॅनेजर वापरत असाल तर तिथं एक्सरँडरचं काम नाही, आउटपुटच्या ओळी थेट कॉन्फिगमध्ये जातात, दोन कींची युक्ती तीच.

सगळं झालं की बोर्डावरचं मॉनिटरचं बटण बंद करून बघा. पहिली की दाबा, १ ते ५ लॅपटॉपवर आले का एकेक नंबर मारून पाहा, बटण चालू करा, दुसरी की. तेवढा वेळ चॅट बंद ठेवा.