जपानी छापचित्रांतली बाई ओळखताना या चुका टाळा

किमोनो दिसला की ‘गेइशा’ (नाचगाण्यानं मन रमवणारी कलावंत) म्हणून मोकळं व्हायचं, ही खोड आधी सोडा. अठराव्या शतकाच्या अखेरचा छापचित्रकार उतामारो याच्या चित्रांत गेइशा आहेतच, पण योशिवारा या एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) वेश्यावस्तीतल्या गणिका, चहाच्या दुकानातल्या पोरी आणि लेकरांच्या आयाही आहेत. ओबीची, म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्याची, गाठ पोटावर आणि अंबाड्यात आकड्यांची गर्दी असेल, तर बहुधा गणिका. गाठ पाठीवर आणि डोक्यात मोजकंच काही, तर गेइशाचा विचार करा. भुवया भादरलेल्या आणि दात काळे केलेले असतील, तर लग्न झालेली.

दुसरी चूक मोठी. चित्रातली ‘बाई’ बाई असेलच असं नाही. 1629 मध्ये काबुकी या जपानी नाट्यप्रकाराच्या रंगमंचावर बायकांना बंदी झाली आणि पुढे स्त्रीभूमिका पुरुषच करू लागले. डोक्याचा भादरलेला पुढचा भाग झाकायला ते जांभळं फडकं लावत. एका दिवाळी अंकाच्या स्त्री-विशेषांकावर काबुकी नटांची चित्रं काढणाऱ्या शाराकूचं 1794चं असंच एक चित्र झळकलं. फडकं ठसठशीत दिसत होतं. मी फोन केला, तर संपादक म्हणाले, “अहो, पण चेहरा बघा ना, किती सोशिक!” वर मांडणी करणाऱ्यानं नजर आतल्या पानांकडे वळावी म्हणून चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं केलेलं. त्यामुळे किमोनोचा उजवा पदर डाव्यावर आला, आणि तसा तो जपानात प्रेताला नेसवतात. सहीसुद्धा उलटी. “कुणाला कळतंय,” हे त्यावरचं उत्तर. ज्यांना कळतं तेच अंक जपून ठेवतात, हे त्यांना कोण सांगणार? मी गळ्यापाशी बघतो: आपल्याकडे तोंड करून उभ्या माणसाचा आपल्या उजवीकडचा काठ वर हवा.

चेहऱ्यावरून व्यक्ती ओळखायला जाऊ नका. उतामारोच्या 1793च्या सुमाराच्या ‘तीन सुंदरीं’चे चेहरे घाईत एकच वाटतात. नाकाडोळ्यांत फरक आहे, पण बारीक. ओकिता, ओहिसा आणि तोयोहिना कोण कोणती, हे मी त्यांच्या अंगावरच्या कुलचिन्हांवरून ठरवतो. चेहरा सगळ्यात शेवटी. मोबाइलवर फोटो टाकून दोन सेकंदांत उत्तर मागणाऱ्यांना हे जमत नाही. त्यांनी मांजरांची चित्रं बघावीत.

आणि फिकट रंगांना ‘जपानी संयम’ म्हणू नका. त्या काळचा फुलांपासूनचा निळा रंग उजेडानं आणि ओलाव्यानं उडतो. मूळ छाप बऱ्यापैकी भडक असायची.