लॉगबुक हातात आलं म्हणजे गाडी आपली झाली असं नाही

"ताई, गाडी एकदम कडक आहे, फक्त लॉगबुक हरवलंय म्हणतोय तो." ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींचे असे मेसेज मला नेहमी येतात. मी लेस्टरमध्ये नर्स आहे. नाइट ड्युटीच्या वेळांना बस जुळत नाही, म्हणून होंडाची सेकंडहँड सीबी १२५ एफ चालवते, आणि ओळखीत कुणाला बाईक घ्यायची झाली की बघायला मला नेतात. इंजिनातलं मला बेताचंच कळतं, त्यासाठी पैसे देऊन मेकॅनिक मिळतो. मी कागद वाचते. इथे माणसं इंजिनापेक्षा कागदात जास्त फसतात.

आरसीवर नाव चढलं की गाडी आपली, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. इथलं लॉगबुक, म्हणजे व्ही५सी नावाचा गाडीच्या नोंदणीचा कागद, आपण त्याच नजरेने बघतो. पण हा मालकीचा पुरावा नाही, हे त्याच कागदावर छापलेलं असतं. त्यावर नाव असतं ते रजिस्टर्ड कीपरचं. टॅक्सची आठवण, कॅमेऱ्याचा दंड, पोलिसांचं पत्र ज्याच्या पत्त्यावर जायचं तो कीपर. मालक दुसराच कुणी असू शकतो: फायनान्स कंपनी, वडील, घटस्फोट चालू असलेली बायको. स्वान्सीचं डीव्हीएलए, म्हणजे गाड्या आणि लायसन्सचं सरकारी खातं, कीपरची नोंद ठेवतं, मालकाची ठेवत नाही. त्यामुळे मालकीचा पुरावा तुम्हालाच जमवावा लागतो. सही केलेली पावती, बँकेतून गेलेले पैसे आणि विकणाऱ्याने स्वतः गाडी घेतली तेव्हाची त्याची पावती, एवढ्यावर तो उभा राहतो.

बघायला जाण्याआधी जाहिरातीतला नंबर सरकारी वेबसाइटवर टाका. फुकट आहे. मेक, रंग, टॅक्स, एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) मुदत दिसते आणि शेवटचं लॉगबुक कोणत्या तारखेला दिलं गेलं तेही दिसतं. ही तारीख लिहून ठेवा, माझ्या मते त्या पानावरची सगळ्यात कामाची गोष्ट तीच. विकणाऱ्याच्या हातातल्या लॉगबुकवर त्याआधीची तारीख असेल तर ते जुनं, रद्द झालेलं आहे आणि नवं दुसऱ्या कुणाकडे तरी आहे. आणि "तीन वर्षं मीच वापरतोय" म्हणणाऱ्याचं लॉगबुक गेल्या महिन्यात निघालेलं असेल, तर का ते विचारा. पत्ता बदलला, डुप्लिकेट काढलं, अशी साधी कारणं असू शकतात, पण उत्तर अडखळत येता कामा नये. एमओटीचा इतिहासही तिथेच मिळतो. दर वर्षीचे मैल ओळीने वाचा. आकडा मध्येच खाली उतरला असेल तर तिथेच विषय संपवा.

मग दहा-वीस पौंड खर्चून खासगी हिस्टरी चेक करा. चोरीची नोंद, न फिटलेला फायनान्स आणि विमा कंपनीने गाडी 'राइट ऑफ' केली होती का, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून निकालात काढली होती का, हे त्यात कळतं. २०१७ च्या ऑक्टोबरपासून या गाड्यांना ए, बी, एस आणि एन अशी अक्षरं आहेत. ए आणि बी पुन्हा रस्त्यावर येऊच शकत नाहीत. एस म्हणजे सांगाड्याला मार बसून दुरुस्त झालेली, एन म्हणजे सांगाडा शाबूत. एन गाडी स्वस्तात मिळत असेल तर मी नाही म्हणणार नाही. बाईकला नुसतं प्लास्टिक आणि टाकी बदलण्याचा खर्चही कधी किमतीबाहेर जातो. पण विमा काढताना ते सांगावं लागतं आणि पुढे विकताना भाव पडतो.

बाईक लॉगबुकवरच्या पत्त्यावरच बघायची. आमच्या वॉर्डातल्या एका मुलाला विकणाऱ्याने सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये बोलावलं होतं. घरी रंगकाम चाललंय म्हणे. लॉगबुकच्या फोटोत पत्ता डर्बीचा होता. मी म्हटलं, काही हरकत नाही, आम्ही डर्बीला येतो, रंगाचा वास चालेल आम्हाला. त्यानंतर त्या माणसाचा फोन लागलाच नाही.

घरी गेल्यावर आधी चासी नंबर. सतरा अक्षर-आकड्यांचा हा नंबर बाईकवर बहुधा हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर ठोकलेला असतो. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि लॉगबुकशी एकेक अक्षर ताडून बघा. घासल्याच्या खुणा, वाकडी अक्षरं, मुद्दाम जाड मारलेला रंग दिसला तर निरोप घ्या. इंजिन नंबरही लॉगबुकवर असतो, तोही जुळला पाहिजे. इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही, पण डीव्हीएलएला कळवलेलं असायला हवं. इग्निशनचं भोक खरवडलेलं, स्टिअरिंग लॉक मोडलेला आणि चावी एकच, हे तिन्ही एकत्र दिसलं तर मी तिथे चहासुद्धा घेत नाही. लॉगबुक उजेडासमोर धरलं की त्यात 'डीव्हीएल' हा वॉटरमार्क दिसतो. कोऱ्या लॉगबुकांचा मोठा गठ्ठा पूर्वी चोरीला गेला होता. म्हणून बीजी ८२२९५०१ ते बीजी ९९९९०३० किंवा बीआय २३०५५०१ ते बीआय २८००००० यातला अनुक्रमांक दिसला तर व्यवहार न करता पोलिसांना कळवायचं.

आता त्या "लॉगबुक हरवलंय"कडे येऊ. लॉगबुक खरोखर हरवतं, घर बदलताना तर हमखास. पण जो खरा रजिस्टर्ड कीपर आहे त्याला डुप्लिकेट ऑनलाइन मागवता येतं. २५ पौंड लागतात आणि साधारण आठवड्याभरात ते पोस्टाने येतं. म्हणून माझं उत्तर ठरलेलं: तुम्ही मागवा, वाटल्यास पंचवीस पौंड आम्ही देतो, आलं की फोन करा. खरा माणूस लगेच तयार होतो. "आजच दुसरा गिऱ्हाईक येतोय" म्हणणाऱ्याला त्या गिऱ्हाइकासाठी शुभेच्छा द्यायच्या. इसारही द्यायचा नाही.

दुसरा प्रकार जास्त गुंतागुंतीचा. विकणारा म्हणतो, लॉगबुक कधी माझ्या नावावर झालंच नाही, मित्राकडून घेतली आणि तशीच पडून होती. हा खरा असेल, किंवा स्वस्तात उचलून घरगुती गाडी म्हणून खपवणारा धंदेवाला असेल. यात फरक आहे. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने धंदेवाल्याकडून घेतलेली सदोष गाडी ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात; खासगी माणसाकडून घेतली तर जवळजवळ सगळं आपल्या नशिबावर. अशा वेळी ज्याचं नाव लॉगबुकवर आहे त्याच्याशी बोलणं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुम्ही स्वतः व्ही६२ फॉर्म भरून लॉगबुक मागू शकता, त्याचेही २५ पौंड. पण त्यात आठवडे जातात आणि नोंदीतल्या जुन्या कीपरने हरकत घेतली तर बाईक तुमच्या दारात आणि कागद अधांतरी. गाडी वारलेल्या नातेवाइकाची असेल तर विकण्याचा अधिकार वारसाहक्क सांभाळणाऱ्या एक्झिक्युटरला असतो, घरात चावी सापडलेल्या भाच्याला नाही.

फायनान्सचं एक बारीक आहे. हायर परचेसवर, म्हणजे हप्ते फिटेपर्यंत मालकी कंपनीकडेच राहते अशा करारावर असलेली गाडी तुम्ही खासगी खरेदीदार म्हणून, काही माहीत नसताना, प्रामाणिकपणे घेतली असेल, तर १९६४ च्या हायर परचेस कायद्याचं संरक्षण मिळतं. 'लॉगबुक लोन'ला ते नाही. इंग्लंड-वेल्समध्ये गाडी तारण ठेवून घेतलेलं हे कर्ज थकलं तर कंपनी तुमच्या दारातून गाडी उचलू शकते. आणि चोरीची निघाली तर ती मूळ मालकाकडे किंवा त्याला भरपाई दिलेल्या विमा कंपनीकडे जाते. तुमचे पैसे बुडाले.

पैसे बँकेतून, विकणाऱ्याच्या दारात उभं राहून द्या. खातं जोडताना बँक नाव जुळतंय का ते दाखवते. ते नाव, लॉगबुकवरचं नाव आणि त्याच्या लायसन्सवरचं नाव एकच असू दे. पावतीच्या दोन प्रती करा: तारीख, रक्कम, गाडीचा नंबर, चासी नंबर, दोघांची नावं-पत्ते-सह्या. "ही गाडी माझ्या मालकीची आहे आणि तिच्यावर कर्ज नाही" हे वाक्य त्याच्याकडून लिहून घ्या.

मित्राच्या नावावर घेऊ नका. विम्याच्या अर्जात मालक कोण आणि कीपर कोण हे वेगवेगळं विचारतात, आणि तिथे खोटं लिहिलं तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते.

विकणाऱ्याने तुमच्या समोरच ऑनलाइन 'विकली' अशी नोंद करावी. लॉगबुकमधली नव्या कीपरसाठीची हिरवी स्लिप तुमच्याकडे राहते. तिच्यावरच्या १२ आकडी नंबरवरून लगेच टॅक्स भरा. २०१४ पासून जुन्या मालकाचा टॅक्स नव्याला मिळत नाही. विमा त्याच तासापासून सुरू हवा. विम्याशिवाय पकडलं तर ३०० पौंड आणि लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट, वर गाडी जप्त.

लायसन्सचं थोडक्यात: तुमच्या भारतीय लायसन्सवर मोटरसायकल असेल तर इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, मग प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, आणि सीबीटी, म्हणजे बाईकचं सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण. सीबीटीचं सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, १२५ सीसीपर्यंत, एल प्लेट लावून, मागे कुणाला न बसवता.

नवं लॉगबुक चार आठवड्यांत आलं नाही तर व्ही६२ भरा. हिरवी स्लिप असेल तर फुकट. भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्यांनी प्रत्येक वेळी पत्ता कळवायचा, नाहीतर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि देश सोडताना गाडी विकली की नोंद त्याच दिवशी करा. उरलेल्या पूर्ण महिन्यांच्या टॅक्सचा चेक लॉगबुकवरच्या पत्त्यावर येतो, तेव्हा खोली सोडण्याआधी पुरेसे आठवडे हातात ठेवून विका.