इंदुरी फराळाच्या रीलचे हॅशटॅग

घरगुती फराळाच्या रीलखाली #फूड, #व्हायरल असे तीसेक टॅग होते. इंदुरातलं गिऱ्हाईक मात्र येत नव्हतं. सगळे काढून पाचच ठेवले: दोन जागेचे, दोन पदार्थाचे, एक विक्रेत्याचा स्वतःचा.

खरी चूक अक्षरांत होती. #इंदूर आणि #इंदौर हे दोन वेगळे टॅग. शहर हिंदीत शोधतं, आपली मंडळी मराठीत, म्हणून दोन्ही हवेत. ‘#इंदौर चकली’ असं जागा सोडून लिहिलं की टॅग ‘इंदौर’पाशीच तुटतो, #इंदौरचकली जोडूनच लिहा. ‘इंदूरमध्ये घरपोच चकली’ हे साधे शब्द कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत घाला, शोधात तेही धरले जातात.

आणि रीलमध्ये कुणाचा माल दाखवायला पैसे घेतले असतील तर ‘जाहिरात’ हा शब्द टॅगांच्या ढिगात पुरू नका; जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो चटकन दिसायलाच हवा.