अकाउंट्समध्ये नवीन लागलात? आधी कीबोर्डवर हात बसवा

आमच्या इथे अंबड एमआयडीसीत दरवर्षी बीकॉम झालेली नवीन पोरंपोरी अकाउंट्सला लागतात. जीएसटी, टीडीएस सगळं येतं त्यांना, पण काम करताना हात सारखा माउसकडे जातो आणि महिनाअखेरीला मग उशिरापर्यंत बसावं लागतं, ते बघून खरंच वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

कॉपी पेस्ट सगळ्यांनाच येतं. खरा वेळ जातो तो एक्सेलच्या शीटमध्ये वरखाली फिरण्यात. समजा ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिलांची लांबलचक शीट आलीये आणि अमाउंटचा अख्खा कॉलम सिलेक्ट करायचाय, तर नवीन माणूस माउस धरून खाली ओढत बसतो, मग शीट सुसाट पुढे पळते, परत वर यायचं. त्यापेक्षा पहिल्या सेलवर जा आणि कंट्रोल शिफ्ट डाउन अ‍ॅरो दाबा, झालं. मधे एखादा सेल रिकामा असेल तर सिलेक्शन तिथेच थांबतं, परत दाबायचं. आणि खाली काहीच डेटा नसेल तर थेट 10,48,576 नंबरच्या रोवर जाल, एक्सेलची शीट तिथे संपते, घाबरू नका, कंट्रोल होम दाबलं की परत वर.

मग एफ टू म्हणजे सेल एडिट, फॉर्म्युल्यात डॉलर लावायला, म्हणजे फॉर्म्युला कॉपी केला तरी तो सेल सरकू नये म्हणून, एफ फोर, आणि अल्ट बरोबर इज इक्वल टू दाबलं की बेरीज. लॅपटॉपवर एफ फोर दाबल्यावर आवाज नाहीतर ब्राइटनेस बदलत असेल तर सोबत एफएन दाबून बघा, बरेच जण इथेच अडकतात आणि शॉर्टकट चालत नाही म्हणून सोडून देतात. आजची तारीख टाकायला कंट्रोल सेमीकोलन, ही तारीख उद्या शीट उघडल्यावर बदलत नाही, टुडे फॉर्म्युल्याची बदलते, बिलाच्या एन्ट्रीला हा फरक फार महत्त्वाचा आहे.

टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, तर बनलंय कीबोर्डसाठीच. एफ फाइव्ह पेमेंट, सिक्स रिसीट, सेव्हन जर्नल, एट सेल्स, नाइन पर्चेस. व्हाउचर म्हणजे व्यवहाराची एन्ट्री भरताना पार्टीचं लेजर, म्हणजे खातं, नाहीये असं दिसलं तर बाहेर पडू नका, तिथेच अल्ट सी दाबून नवीन लेजर बनवा आणि पुढे चला, सेव्ह करायला कंट्रोल ए. माझ्या मते नवीन माणसाने सगळ्यात आधी हेच शिकावं.

सगळे शॉर्टकट एकदम पाठ करायला जाऊ नका, दोन दिवसात विसराल. दिवसभरात जे काम सगळ्यात जास्त वेळा करता त्याचेच एकदोन घ्या, कागदावर लिहून स्क्रीनखाली चिकटवा, आणि हाताला सवय लागेपर्यंत माउस थोडा लांब सरकवून ठेवा. पहिले काही दिवस काम उलट हळू होईल, तेव्हा सोडू नका.

आणि चहाला उठताना विंडोज एल दाबून मशीन लॉक करा, पगाराची शीट उघडी असते.