फोनवरची थेरपी करताय? या चुका टाळा

करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोटहून दर आठवड्याला मूल कडेवर घेऊन एसटीने सोलापूर गाठणं कुणाला परवडतं? म्हणून मुलांची फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (हातांची, रोजची कामं करायला शिकवणारी) अधूनमधून व्हिडिओ कॉलवर घ्यायला थेरपिस्ट म्हणून माझी काहीच हरकत नसते. हरकत आहे ती त्याच त्या चुकांना.

पहिली चूक म्हणजे फोन हातात धरून मुलाच्या तोंडामागे फिरणं. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात मूल, आणि मला दिसतात नाक, डोळे, छताचा पंखा. मला टाचा बघायच्या असतात.

अक्कलकोट तालुक्यातला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी) असलेला एक मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा दुसरीकडे त्याचे ऑनलाइन व्यायाम कितीतरी महिने चालू होते. पोटरी ताणायचा व्यायाम आई रोज न चुकता करायची. पाऊल छान वर वळायला लागलंय, असं घरचे सांगत होते, पण टाच काही जमिनीला टेकत नव्हती. मी वडिलांना फोन फरशीवर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायला सांगितलं, आणि लगेच कळलं. आई चवडा धरून वर दाबत होती. टाच मोकळी, गुडघा वाकलेला. त्यामुळे वळत होता तो पावलाचा मधला भाग. पोटरीला ताण बसतच नव्हता. त्या माउलीचा काय दोष? तिचे हात कुणी बघितलेच नव्हते. टाच तळहातात घट्ट धरायची, गुडघा सरळ, पाऊल आत-बाहेर न वळवता सावकाश वर न्यायचं, हे मी बाहुलीच्या पायावर दाखवलं आणि मग तिच्याकडून करून घेतलं.

तेव्हापासून माझा नियम आहे: फोन जमिनीवर, आडवा, पाच-सहा फुटांवर. खिडकी फोनच्या मागे. मुलाचे मोजे आणि पायजमा काढलेला.

दुसरी चूक नवे थेरपिस्टही करतात. "मॅडमकडे बघ, मॅडमला हाय कर" म्हणत मुलाला स्क्रीनसमोर बसवायचं, नाही बसलं तर कार्टून लावायचं. मुलाने माझ्याकडे बघायची गरजच नाही. त्याला खेळू द्या आणि माझं बोलणं तुम्ही ऐका, कारण काम तुमच्या हातांनी व्हायचं आहे. आजीलाही जवळ बसवा. बऱ्याच घरांत दिवसभर मूल तिच्याकडेच असतं. ती त्याच्याशी तेलुगू किंवा कन्नड बोलत असेल, तर सूचनाही त्याच भाषेत द्या. व्यायामाची पीडीएफ पाठवून मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

गादीवर व्यायाम नको. फरशीवर जाड सोलापुरी चादर अंथरा. जेवल्या जेवल्या नको. एप्रिल-मेमध्ये सकाळचीच वेळ घ्या. शेजारी माग चालू असेल तर इयरफोन लावा.

महागडी किट मागवू नका. कणीक मळणं, कपड्यांचे चिमटे लावणं, शेंगा फोडणं यात बोटांना भरपूर काम मिळतं. मात्र मूल दिसेल ते तोंडात घालत असेल तर शेंगा, डाळ लांबच ठेवा.

आणि तो चाकांचा वॉकर! "लवकर चालेल" म्हणून आणतात. त्यात मूल चवड्यांवर ढकलत फिरतं, तोल सांभाळायला शिकत नाही, शिवाय उलटून पडायची भीती. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. घाई झालेल्या पालकांना हे पटवताना माझा घसा बसतो, तरी मी सांगत राहते.

काही गोष्टी मात्र फोनवर कळत नाहीत. पाणी पिताना ठसका लागतो, खाल्ल्यावर आवाज घुरघुरतो, लंगोट बदलताना एक मांडी कमी उघडते, एक पाय आखूड वाटतो, किंवा झटके येतात. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या कॉलची वाट बघू नका. झटका थांबत नसेल किंवा श्वास अडकत असेल तर जवळचा दवाखाना गाठा. एरवी मूल घेऊन डॉक्टरांकडे या. मांडी कमी उघडणं किंवा पाय आखूड वाटणं ही खुबा (मांडीचा वरचा सांधा) सरकल्याची खूण असू शकते, आणि ते एक्स-रे काढूनच, अगदी लहान बाळात सोनोग्राफी करून, ठरतं.