इन्फ्रारेड दुर्बीण गार करताना या चुका टाळा

खोलीच्या तापमानाची कुठलीही वस्तू इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या उजेडात, १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक चमकते. दुर्बीणच अशी उजेड पाडत बसली, तर ताऱ्याचा उजेड दिसणार कुठून? म्हणून नाशिकला सातपूरच्या शेडमध्ये आम्ही आरशांचे नमुने निर्वात टाकीत ठेवून द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनपर्यंत (उणे १९६ अंश सेल्सियस) गार करून पाहतो.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती टाकी लवकर उघडण्याची घाई. आषाढातली संततधार, दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टचं सादरीकरण. एका विद्यार्थ्याने टाकीला हात लावला, गार लागली नाही, म्हणून व्हॉल्व्ह उघडला. अरे, बाहेरून गार लागू नये म्हणूनच तर आत निर्वात ठेवतो! आतला आरसा उणे ६० अंशांवर होता. दमट हवा घुसली, बघता बघता आरशावर बर्फ धरला, त्याचं पाणी झालं, ॲल्युमिनियमच्या थरावर डाग पडले. नव्या कोटिंगमध्ये दीड महिना गेला. तेव्हापासून व्हॉल्व्हची मूठ माझ्या खिशात असते. मंद हीटर लावून आतला सेन्सर खोलीपेक्षा दोन अंश वर आला की मगच देतो, मग रात्र सरली तरी चालेल. आत सोडायचा तोही कोरडा नायट्रोजन वायू, हवा नाही.

दुसरी चूक तारांची. हाताशी असते म्हणून सेन्सरला जाड तांब्याची तार लावतात आणि तिच्यातूनच उष्णता आत येते. ४.२ केल्विनच्या द्रव हेलियममध्ये एक मिलिवॅट उष्णता शिरली, तर महिन्याला साधारण एक लिटर हेलियम उडून जातं. नासाच्या स्पिट्झर या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीला ३६० लिटर हेलियम २००३ पासून मे २००९ पर्यंत पुरलं, ते अशा गळत्या बुजवल्या म्हणून. बारीक मँगॅनिनची (उष्णता कमी वाहणाऱ्या तांब्याच्या मिश्रधातूची) तार घ्या आणि थंड प्लेटवर तिचे चार वेढे द्या.

चकचकीत इन्सुलेशनचे थर घट्ट आवळू नका. थर एकमेकांना टेकले की फुकट.

ॲल्युमिनियमच्या होल्डरमध्ये काच गच्च बसवू नका. ७७ केल्विनला ॲल्युमिनियम जवळपास ०.४ टक्के आकसतं, काच तितकी आकसत नाही आणि तडकते.

नायट्रोजनचा कंटेनर काचा बंद असलेल्या गाडीतून आणू नका, गुदमराल.

आणि वीज पहिल्यांदा देतानाचा क्षण तपासा. मार्च १९९९ मध्ये नासाच्या 'वायर' (WIRE) या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीचं झाकण इलेक्ट्रॉनिक्स सुरू होतानाच्या गडबडीने वेळेआधी उडालं. दुर्बीण गार ठेवणारा आतला घन हायड्रोजन वायू होऊन निसटला, यान गरगरू लागलं, मुख्य मोहीम संपली. आमच्याकडे स्विच दाबताना उठणारा विजेचा झटका ऑसिलोस्कोपवर दहा वेळा पाहिल्याशिवाय झाकणाची तार मी जोडू देत नाही.