फोन सगळ्यांच्याच हातात आहे, मग फोटोग्राफर कशाला?

लग्नाचं शूटिंग शिकायला येणारी मुलं आता पहिल्याच भेटीत विचारतात, "दादा, या लाइनमध्ये काही उरलंय का?" उरलंय. पण बारसं, केळवण, साखरपुडा ही कामं भाचे-पुतणे फोनवर भागवतात, आणि खरं सांगायचं तर बरी भागवतात. फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन जोडतो, त्यामुळे खिडकीबाहेरचं आभाळही पांढरं पडत नाही. तिथे त्याच्याशी झटापट करू नका.

दादरच्या कुठल्याही हॉलमध्ये अंतरपाट दूर होतानाचा क्षण बघा. शेवटच्या मंगलाष्टकालाच मावश्या-आत्या फोन उंचावून पुढे सरकतात. तुमच्या फ्रेममध्ये हार कमी, मनगटं जास्त. ओरडून उपयोग नाही, लग्नघर आहे. मी आधीच गुरुजींशी बोलून त्यांच्या बाजूची जागा धरतो आणि एक फ्लॅश नवरा-नवरीच्या मागे, तिरका, उंचावर लावतो. 'सावधान' म्हटल्यावर उडालेल्या अक्षता त्या उजेडात दाणा न् दाणा दिसतात. हॉलच्या मंद दिव्यांत फोनचं शटर रेंगाळतं आणि त्याच अक्षतांच्या रेघा होतात. पैसे मिळतात ते या फरकाचे.

पंगत बसायच्या आत फोटो फॅमिली ग्रुपवर गेलेले असतात. तीन महिन्यांनी आल्बम आला तर कोण उत्साहाने बघणार? म्हणून निवडक दहा-बारा फोटो मी त्याच संध्याकाळी देतो, आणि तेही व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे फोटो लहान होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून छापला तर जेमतेम सव्वापाच इंच. आल्बमच्या १२ बाय १८ इंची पानाला लांब बाजूला ५४०० पिक्सेल लागतात. "ग्रुपवरचा तो फोटो आल्बममध्ये घाला ना" म्हणणाऱ्या काकांना हा हिशेब शांतपणे सांगायचा.

मला खरी काळजी वाटते ती नजरेची. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी, फेटा, गॉगल, बुलेट हाच फोटो सगळे काढतात, कारण आदल्या वर्षी त्यालाच लाइक मिळालेले असतात. तुम्ही सकाळी लवकर जा, चाळीच्या गॅलरीत फेटे बांधणं चालू असतं तिथे. परवानगी मागा, बहुधा चहाही मिळतो.

एक कोरडी पण कामाची गोष्ट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ नुसार, पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक असतं, वेगळं काही ठरलं नसेल तर. तेव्हा इन्स्टाग्रामवर टाकायची मुभा करारात आधीच लिहून घ्या.

कॅमेरा विकत घ्यायची घाई नको. भाड्याने मिळतो, फोर्टात बोरा बाजारच्या दुकानांतून भाव काढून ठेवा. पहिली लग्नसराई कोणाच्या तरी हाताखाली लाइट धरा. फक्त आधी विचारून घ्या, लाइट धरणाऱ्याला पैसे मिळतात की नुसतं जेवण.